शिफारसपत्रे आणि शस्त्रकपात: नोबेल शांतता पुरस्काराचा एक धागा

आल्फ्रेड नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमधल्या स्वीडिश-नॉर्वेजियन क्लबात चार साक्षीदारांसमोर आपल्या अखेरच्या मृत्युपत्रावर सही केली. मृत्युपत्र त्यांच्याच हस्ताक्षरात होते आणि वकिलाचा हात त्याला लागलेला नव्हता, हे पुढच्या कज्जेदलालीवरून सगळ्यांच्या लक्षात आले. त्यात पाच पुरस्कारांची तरतूद होती. भौतिकी, रसायन, वैद्यक आणि साहित्य यांचे पुरस्कार स्वीडिश संस्थांनी द्यायचे होते. पाचवा मात्र नॉर्वेच्या संसदेने, म्हणजे स्टॉर्टिंगने, निवडलेल्या पाच जणांच्या समितीने द्यायचा होता. तो कोणाला द्यायचा, हे तीन कामांवरून ठरायचे होते: राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव वाढवणे, खड्या फौजा रद्द करणे किंवा कमी करणे, आणि शांतता परिषदा भरवून त्यांना चालना देणे.

यातले मधले काम सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत अवघड. पुरस्कार ते कधी विसरला, कधी त्याला त्याची आठवण करून द्यावी लागली. ही आठवण बहुतेक वेळा समितीबाहेरून, शिफारशीच्या पत्रांतून आली. त्यामुळे या पुरस्काराचा इतिहास विजेत्यांच्या यादीवरून जेवढा कळतो, त्याहून अधिक तो नावे कोणी आणि का सुचवली यावरून कळतो.

नोबेल यांचा स्वतःचा व्यवसाय पाहता ही अट चमत्कारिक वाटते. १८६७ मध्ये त्यांनी डायनामाइटचे पेटंट घेतले, १८८७ मध्ये बॅलिस्टाइट ही धूररहित दारू काढली, आणि १८९४ मध्ये स्वीडनमधला बोफोर्सचा कारखाना विकत घेतला. नव्वद वर्षांनी ज्या तोफांच्या खरेदीवरून भारतात सरकार अडचणीत आले, तोच हा बोफोर्स. शांततेच्या चळवळीशी त्यांचा संबंध आला तो बेर्टा फॉन झुटनर यांच्यामुळे. १८७६ मध्ये काही दिवस त्यांनी पॅरिसमध्ये नोबेल यांच्याकडे सचिव म्हणून काम केले आणि मग व्हिएन्नाला परत जाऊन लग्न केले. पत्रव्यवहार मात्र नोबेल यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिला. १८८९ मध्ये झुटनर यांची ‘शस्त्रे खाली ठेवा’ अशा नावाची जर्मन कादंबरी आली आणि युरोपभर गाजली. १८९२ मध्ये बर्नला शांतता परिषद भरली तेव्हा नोबेल स्वित्झर्लंडमध्ये होते. तिथे दोघांची भेट झाली. परिषदांच्या ठरावांवर नोबेल यांचा फारसा विश्वास नव्हता. दोन फौजा एका क्षणात एकमेकींचा नायनाट करू शकतील त्या दिवशी शहाणी राष्ट्रे आपोआप सैन्ये मोडतील, असे त्यांचे म्हणणे होते. तसा दिवस १९४५ नंतर आला. सैन्ये मोडली गेली नाहीत.

१८९३ च्या सुरुवातीला त्यांनी झुटनर यांना एका पुरस्काराची कल्पना लिहून कळवली. तो दर पाच वर्षांनी, एकूण सहा वेळा द्यायचा. कारण तीस वर्षांत जग सुधारले नाही तर ते रानटीपणाकडेच परत जाणार. अखेरच्या मृत्युपत्रात ही मुदत गळाली आणि पुरस्कार दरवर्षीचा झाला. नॉर्वेलाच हे काम का दिले, याचे कारण नोबेल यांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. स्वीडन आणि नॉर्वे तेव्हा एकाच राजाखाली होते, आणि आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने मिटवावेत या मागणीला स्टॉर्टिंगने १८९० मध्ये पाठिंबा दिला होता, एवढे मात्र खरे.

नोबेल १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीत सान रेमो येथे वारले. नातेवाइकांची नाराजी, फ्रान्स की स्वीडन असा अधिकारक्षेत्राचा घोळ आणि राजा दुसरे ऑस्कर यांचा विरोध या सगळ्यांतून व्यवस्थापक राग्नार सूल्मान यांनी मार्ग काढला. नोबेल प्रतिष्ठानाची नियमावली जून १९०० मध्ये मंजूर झाली. नावे कोणी सुचवायची याबद्दल मृत्युपत्र गप्प होते. ते या नियमांनी ठरवले.

शांतता पुरस्कारासाठी हा हक्क ज्यांना मिळाला ती यादी त्या काळाचे चित्रच आहे. राष्ट्रीय संसदांचे आणि सरकारांचे सदस्य, आंतरसंसदीय संघाचे लोक, हेगच्या कायम लवाद न्यायालयाचे सदस्य, बर्नमधल्या आंतरराष्ट्रीय शांतता ब्यूरोच्या मंडळाचे सदस्य, आंतरराष्ट्रीय कायदा संस्थेचे सदस्य, कायदा, इतिहास, राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचे विद्यापीठीय प्राध्यापक, आधीचे विजेते, आणि समितीचे आजी-माजी सदस्य. यातला आंतरसंसदीय संघ १८८९ चा, शांतता ब्यूरो १८९१ चा, हेगचे न्यायालय १८९९ च्या परिषदेतून निघालेले. ती हेग परिषद रशियाच्या झारने शस्त्रवाढ रोखण्यासाठी बोलावली होती. शस्त्रांच्या बाबतीत तिच्या हाती काही लागले नाही, पण लवादाचे न्यायालय उभे राहिले. थोडक्यात, नावे सुचवण्याचा हक्क चळवळीतल्याच संस्थांकडे होता, आणि चळवळीने आपलीच माणसे पुढे केली.

पहिल्याच वर्षी याला अपवाद निघाला. रेड क्रॉसची कल्पना ज्यांची, ते आंरी द्यूनां दिवाळखोरीनंतर स्वित्झर्लंडमधल्या हायडन गावच्या रुग्णालयात एका खोलीत दिवस काढत होते. जग त्यांना विसरले होते. श्टुटगार्टचे शिक्षक रुडोल्फ म्युलर आणि नॉर्वेचे लष्करी डॉक्टर हान्स दाए यांनी त्यांच्यासाठी पत्रव्यवहाराची मोहीमच उघडली. नॉर्वेच्या संसदेत कोणाशी बोलायचे, कोणाची सही मिळवायची, हे दाए यांना ठाऊक होते. १९०१ चा पहिला शांतता पुरस्कार द्यूनां आणि फ्रान्सचे ज्येष्ठ शांततावादी फ्रेदेरिक पासी यांना विभागून मिळाला. द्यूनांच्या वाट्याची रक्कम सावकारांनी जप्त करू नये म्हणून ती नॉर्वेच्याच बँकेत ठेवण्याची व्यवस्थाही दाए यांनी केली. संघटित मोहीम करून पुरस्कार मिळवण्याची प्रथा आजची नव्हे. ती पुरस्काराइतकीच जुनी आहे. झुटनर मात्र खट्टू झाल्या. जखमींची शुश्रूषा हे पुण्यकर्म आहे, पण त्याने युद्ध सुसह्य होते, संपत नाही. आणि नोबेल यांना तर ते संपवायचे होते, असा त्यांचा आक्षेप होता. मृत्युपत्राच्या शब्दांवरून झालेला हा पहिला वाद, आणि झुटनर यांची बाजू त्यात लंगडी नव्हती.

त्यानंतरची काही वर्षे चळवळीची होती. १९०२ मध्ये शांतता ब्यूरोचे एली द्युकोमँ आणि आंतरसंसदीय संघाचे शार्ल आल्बेर गोबा, १९०३ मध्ये विल्यम रँडल क्रेमर, १९०५ मध्ये झुटनर स्वतः, १९१० मध्ये खुद्द शांतता ब्यूरो. मध्येच १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना रशिया-जपान युद्ध मिटवल्याबद्दल पुरस्कार गेला आणि सत्ताधाऱ्यांसाठी दार उघडले. रूझवेल्ट यांना मोठे आरमार हवे होते, फौजा कमी करण्याशी त्यांचा दुरूनही संबंध नव्हता. झुटनर २१ जून १९१४ रोजी वारल्या. आठवड्याभरात सारायेव्होत गोळ्या झडल्या आणि त्यातून पहिले महायुद्ध पेटले.

पहिल्या महायुद्धानंतर निःशस्त्रीकरण हा परिषदांतल्या भाषणांचा विषय न राहता सरकारी कामकाजाचा विषय झाला. फेब्रुवारी १९३२ मध्ये जिनिव्हात जागतिक निःशस्त्रीकरण परिषद सुरू झाली तेव्हा स्त्रियांच्या आणि इतर शांतता संघटनांनी जगभरातून गोळा केलेल्या लाखो सह्यांचे गठ्ठे तिथे आणून ठेवले. परिषदेचे अध्यक्ष ब्रिटनचे आर्थर हेंडरसन होते. ऑक्टोबर १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीने परिषद सोडली आणि ती जवळजवळ तिथेच संपली. पुढच्या वर्षी हेंडरसन यांना शांतता पुरस्कार मिळाला. अपयशी कामाला दिलेला पुरस्कार असे त्याला म्हणता येईल; पण फौजा कमी करण्याच्या कामाला समितीने इतक्या सरळपणे त्याआधी क्वचितच मान दिला होता.

शिफारशींच्या इतिहासातले सर्वांत धाडसी प्रकरण याच काळातले आहे. कार्ल फॉन ओसिएत्स्की हे बर्लिनच्या ‘डी वेल्टब्यून’ या साप्ताहिकाचे संपादक. व्हर्साय तहाने जर्मनीला लढाऊ विमानदल ठेवण्यास बंदी होती. ते चोरून उभारले जात असल्याचा लेख त्यांनी १९२९ मध्ये छापला. त्याबद्दल १९३१ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हिटलर सत्तेवर आल्यावर, राइशस्टागला आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांना पुन्हा पकडले. झोनेनबुर्ग आणि मग एस्टरवेगेन या छळछावण्यांत त्यांचे शरीर मोडून गेले.

परागंदा झालेल्या जर्मन मित्रांना त्यांना सोडवायचे होते. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, सरकार नव्हते. होते ते नावे कोणी सुचवायची याबद्दलचे नोबेलच्या नियमावलीतले एक कलम. पहिला प्रयत्न १९३४ चा, आणि तो नियमांतच अडकला. मग त्यांनी कलम नीट वाचले. कोणत्या देशाचा खासदार सही देईल, कोणत्या विद्यापीठातला प्राध्यापक हक्काचा आहे, कोणत्या माजी विजेत्याचा शब्द वजनदार ठरेल, याच्या याद्या पॅरिस, लंडन आणि ऑस्लोत तयार झाल्या. जेन ॲडम्स यांच्यासारख्या माजी विजेत्यांनी पत्रे दिली. ऑस्लोत हे काम करणाऱ्यांत विली ब्रांट नावाचा विशीतला निर्वासित तरुण होता. पस्तीस वर्षांनी पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर असताना त्यालाच हा पुरस्कार मिळायचा होता. नॉर्वेत सगळ्यांना हे रुचले असे नाही. कादंबरीकार क्नूट हामसुन यांनी छावणीत डांबलेल्या माणसावर वृत्तपत्रातून टीका केली.

समितीपुढे पेच होता. १९३५ चा निर्णय पुढे ढकलला गेला. समितीवर परराष्ट्रमंत्री हाल्व्हदान कूत आणि माजी पंतप्रधान मूविंकेल बसलेले. पुरस्कार दिला तर जर्मनी तो नॉर्वे सरकारचाच निर्णय समजणार. दोघेही बाजूला झाले, आणि नोव्हेंबर १९३६ मध्ये आधीच्या वर्षाचा पुरस्कार ओसिएत्स्कींना जाहीर झाला. हिटलरचा मंत्री गोरिंग याने दबाव आणूनही त्यांनी तो नाकारला नाही. त्यांना ऑस्लोला जाऊ दिले नाही. समारंभाला नॉर्वेचे राजे आले नाहीत. रकमेचा मोठा भाग एका वकिलाने हडप केला. जानेवारी १९३७ मध्ये हिटलरने फर्मान काढून जर्मनांना कोणताही नोबेल पुरस्कार घेण्यास मनाई केली. ओसिएत्स्की मे १९३८ मध्ये पोलिसांच्या पहाऱ्यात वारले. यानंतर मंत्रिपदावरील व्यक्तींना समितीवर बसता येणार नाही असा नियम नॉर्वेने केला. समिती सरकारपासून वेगळी आहे, असे नॉर्वे आज सांगते, त्याची सुरुवात या एका संपादकाच्या शिफारशीपासून झाली.

याच कलमाचे दुसरे टोक १९३९ मध्ये दिसले. जानेवारीत स्वीडनच्या बारा खासदारांनी हिटलरशी केलेल्या म्यूनिक कराराबद्दल ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांचे नाव सुचवले. त्याची टिंगल करण्यासाठी एरिक ब्रांट या समाजवादी खासदाराने लगेच हिटलरचे नाव पाठवले. उपरोध कोणाला कळला नाही, ओरड झाली, आणि १ फेब्रुवारीला त्याने पत्र मागे घेतले. पण नोंद राहिली ती राहिलीच. हिटलरलाही नोबेलचे नामांकन होते, हे वाक्य आजही मोबाइलवर फिरते ते त्याच नोंदीच्या आधारावर. नाव सुचवले जाणे हा सन्मान नव्हे, पात्र माणसाने पाठवलेले एक पत्र एवढाच त्याचा अर्थ, हे समितीला अजूनही दरवर्षी सांगावे लागते.

महात्मा गांधींचे प्रकरण भारतीय वाचकाला ठाऊक असते ते ‘गांधींना नोबेल का नाही’ या प्रश्नापुरते. नावे कोणी पाठवली, हे फारसे सांगितले जात नाही. १९३७ मध्ये पहिले पत्र आले ते नॉर्वेचे मजूर पक्षाचे खासदार ओले कोल्ब्यर्नसेन यांचे; त्यासोबतचे निवेदन ‘भारतमित्र’ संस्थेच्या नॉर्वे शाखेतल्या स्त्रियांनी लिहिले होते. समितीचे सल्लागार प्राध्यापक याकोब वुर्म-म्युलर यांनी अहवालात गांधींच्या थोरवीबद्दल आदर व्यक्त केला, पण त्यांच्या धोरणात एकदम वळणे येतात आणि दक्षिण आफ्रिकेतला त्यांचा लढा फक्त हिंदी लोकांपुरता होता, असे आक्षेपही नोंदवले. १९३८ आणि १९३९ मध्येही नाव आले आणि राहून गेले.

१९४७ मध्ये शिफारशी थेट भारतातून, तारेने, नॉर्वेच्या परराष्ट्र खात्यामार्फत पोचल्या. पाठवणारे तिघे: मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर, संयुक्त प्रांताचे गोविंद वल्लभ पंत, आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. खेर रत्नागिरीचे, मावळंकरांचे घराणेही मूळ रत्नागिरी भागातले, त्यांचे स्वतःचे आयुष्य मात्र अहमदाबादेत गेलेले. प्रांतांच्या प्रमुखांना तेव्हा पंतप्रधान म्हणत. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशातून गेलेल्या तीनपैकी दोन शिफारशी मराठी घरांतल्या माणसांच्या होत्या, ही बाब महाराष्ट्रातही अपवादानेच कोणी सांगते. पंतांच्या तारेत गांधी हे राष्ट्राचे शिल्पकार आणि जागतिक शांततेचे सर्वांत प्रभावी पुरस्कर्ते असल्याचे म्हटले होते. तारेच्या शब्दाला पैसे पडतात, तरीही विशेषणांत काटकसर नव्हती.

यावेळी गांधी सहा जणांच्या छोट्या यादीत होते. नवे सल्लागार येन्स आरूप सेइप यांचा अहवाल आधीच्याहून अनुकूल होता. पण निर्णयाच्या सुमारास पंजाबात रक्ताचे पाट वाहत होते, आणि पाकिस्तानकडून न्याय मिळत नसेल तर भारत सरकारला युद्ध करावे लागेल, असे गांधी प्रार्थनासभेत म्हणाल्याची बातमी सप्टेंबरअखेर लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आली होती. गांधींनी स्वतः युद्धाचा पुरस्कार केलेला नव्हता. पण बातमीतून अहिंसेवरची अढळ श्रद्धा डळमळल्याचा अर्थ निघत होता. समितीचे अध्यक्ष गुनार यान यांनाही शंका आली. पाचांपैकी दोघे, क्रिस्चियन ऊफ्तेदाल आणि हर्मान स्मिट इंगेब्रेत्सेन, गांधींच्या बाजूने होते. बहुमत झाले नाही. पुरस्कार इंग्लंड आणि अमेरिकेतल्या क्वेकर मंडळींच्या मदत संस्थांना गेला.

त्याच क्वेकरांना विजेते म्हणून आता शिफारशीचा हक्क मिळाला होता. १९४८ साठी गांधींच्या नावाची सहा पत्रे पोचली. पाठवणाऱ्यांत क्वेकर होते आणि १९४६ च्या विजेत्या एमिली ग्रीन बाल्चही. मुदत संपायला दोन दिवस उरले असताना, ३० जानेवारीला, दिल्लीत गांधींची हत्या झाली. मृत व्यक्तीला पुरस्कार देता येईल का, यावर समितीने कायदेशीर सल्ला घेतला. नियमांत तशी थोडी वाट होती, पण गांधी कोणत्या संस्थेचे नव्हते, त्यांच्यामागे मालमत्ता नव्हती, मृत्युपत्र नव्हते. रक्कम द्यायची कोणाला, हा प्रश्न सुटेना. १८ नोव्हेंबर १९४८ रोजी समितीने जाहीर केले की, योग्य असा हयात उमेदवार नसल्याने यंदा पुरस्कार नाही. ‘हयात’ या शब्दातच गांधींचे नाव होते. १९६१ मध्ये मात्र संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड यांना मरणोत्तर पुरस्कार दिला गेला.

अणुबॉम्बनंतर ‘खड्या फौजा’ या शब्दांचा अर्थच बदलला. १९५९ मध्ये फिलिप नोएल-बेकर यांना पुरस्कार मिळाला. जिनिव्हा परिषदेत ते हेंडरसन यांचे उजवे हात होते आणि शस्त्रस्पर्धेवरचा त्यांचा ग्रंथ आदल्याच वर्षी आला होता. लिनस पॉलिंग यांच्या वेळी प्रकरण अधिक ताणले गेले. पॉलिंग यांना १९५४ मध्ये रसायनाचे नोबेल मिळाले होते. अणुचाचण्या थांबवाव्यात अशा अर्जावर त्यांनी आणि पत्नी एव्हा हेलन यांनी हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या मिळवून जानेवारी १९५८ मध्ये तो संयुक्त राष्ट्रांकडे दिला; सह्यांचा आकडा अखेर ४९ देशांतल्या ११,०२१ शास्त्रज्ञांपर्यंत गेला. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने त्यांना बोलावून या सह्या कोणी गोळा केल्या ते विचारले. त्यांनी नावे सांगितली नाहीत. पॉलिंग यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, १९६२ मध्ये समितीतले चौघे त्यांच्या विरोधात होते, आणि पॉलिंग नाहीत तर यंदा पुरस्कारच नाही, असे गुनार यान यांनी सहकाऱ्यांना बजावले. त्या वर्षी पुरस्कार राखून ठेवला गेला. १० ऑक्टोबर १९६३ रोजी, म्हणजे वातावरणातील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार ज्या दिवशी अमलात आला त्याच दिवशी, १९६२ चा पुरस्कार पॉलिंग यांना जाहीर झाला. अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने तो अमेरिकेचा अपमान मानला.

विजेत्याने दुसऱ्याचे नाव सुचवण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरणही याच दशकातले. १९६४ चे विजेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी जानेवारी १९६७ मध्ये व्हिएतनामी भिक्षू थिच न्हात हान्ह यांची शिफारस केली आणि गुप्ततेचा संकेत मोडून पत्र जगजाहीर केले. १९६७ मध्ये पुरस्कार कोणालाच दिला गेला नाही.

पुढे शस्त्रकपातीला पुरस्कार मिळत राहिले. १९८२ मध्ये स्वीडनच्या आल्व्हा मिर्दाल आणि लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त करणाऱ्या त्लातेलोल्को कराराचे शिल्पकार आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस. मिर्दाल त्याआधी दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या. १९८५ मध्ये अणुयुद्धविरोधी डॉक्टरांची संघटना, १९९५ मध्ये अण्वस्त्रविरोधी शास्त्रज्ञ जोसेफ रोटब्लाट आणि त्यांच्या पगवॉश परिषदा, १९९७ मध्ये जोडी विल्यम्स आणि भूसुरुंगबंदीची मोहीम, २०१३ मध्ये रासायनिक अस्त्रबंदी संघटना. यात १९९७ चा निर्णय शहाणपणाचा म्हणावा लागेल: पुरस्कार ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला आणि डिसेंबरमध्ये ओटावात करारावर सह्या सुरू झाल्या. २००९ चा ओबामांचा पुरस्कार याच्या अगदी उलट. त्यांनी २० जानेवारीला शपथ घेतली आणि शिफारशींची मुदत १ फेब्रुवारीला संपली. अण्वस्त्रमुक्त जगाचे त्यांचे प्राग येथील भाषण एप्रिलमधले, म्हणजे मुदतीनंतरचे. समितीने त्या कल्पनेला बळ द्यायचे म्हणून पुरस्कार दिला. अमेरिकेची शस्त्रागारे त्याने बदलली नाहीत.

दीर्घ चिकाटीचे उदाहरण म्हणजे निहोन हिदान्क्यो. हिरोशिमा आणि नागासाकीतल्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्यांची, म्हणजे हिबाकुशांची, ही देशव्यापी संघटना १० ऑगस्ट १९५६ रोजी स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय शांतता ब्यूरोने, म्हणजे १९०१ पासून हक्क असलेल्या त्याच जुन्या संस्थेने, तिची शिफारस एकदा नव्हे, अनेकदा केली होती. २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदी करारासाठी झटणाऱ्या ‘आयकॅन’ या मोहिमेला पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ७ जुलैला संयुक्त राष्ट्रांत १२२ देशांनी कराराच्या बाजूने मत दिले होते. भारतासह अण्वस्त्रधारी देश त्या मतदानाला हजरच नव्हते. हिबाकुशांचा नंबर २०२४ मध्ये लागला. तोवर जपानच्या सरकारी नोंदीत सुमारे १ लाख ६ हजार हिबाकुशा उरले होते आणि त्यांचे सरासरी वय ८५ च्या पुढे गेले होते. ऑस्लोत भाषण केले ते ९२ वर्षांच्या तेरुमी तानाका यांनी. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. पुरस्काराला इतका उशीर झाला की १९५६ च्या संस्थापकांपैकी बहुतेकांना तो पाहता आला नाही, आणि याची जबाबदारी शिफारस करणाऱ्यांवर नाही.

मृत्युपत्रातले शब्द समिती पाळते की नाही, हा वाद झुटनर यांच्या नंतर थेट कागदोपत्री नेला तो नॉर्वेचे वकील फ्रेद्रिक हेफरमेल यांनी. पर्यावरण, मानवी हक्क, लोकशाही ही मोलाची कामे आहेत, पण नोबेल यांनी पैसा ठेवला तो सैन्ये कमी करणाऱ्यांसाठी, असा मुद्दा त्यांनी २००८ पासून पुस्तकांतून मांडला. प्रतिष्ठानांवर देखरेख ठेवणाऱ्या स्टॉकहोमच्या प्रशासकीय मंडळाकडे त्यांनी तक्रार केली. मंडळाने २०१२ मध्ये चौकशी करून पुरस्काराच्या कामात दोष नसल्याचे सांगितले, पण मृत्युपत्राचे पालन होते की नाही हे पाहण्याची अंतिम जबाबदारी नोबेल प्रतिष्ठानाची आहे, हेही नोंदवले. हेफरमेल तेवढ्यावर थांबले नाहीत. मृत्युपत्राच्या कसोटीला उतरणाऱ्या उमेदवारांची यादी ते आणि त्यांचे सहकारी दरवर्षी जाहीर करत, म्हणजे शिफारस करणाऱ्यांना ती हाताशी असावी. २०२३ च्या अखेरीस ते वारले. समितीची बाजू अशी की मृत्युपत्र काळाप्रमाणे वाचायला हवे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण ‘काळाप्रमाणे’ या सबबीखाली मधले काम बाजूला पडते, हे विजेत्यांच्या यादीवरून दिसते.

नियम आज ढोबळमानाने तेच आहेत. स्वतःचे नाव स्वतः पाठवता येत नाही. आलेली नावे आणि ती पाठवणारे पन्नास वर्षे गुप्त ठेवले जातात, म्हणूनच १९७० च्या दशकाच्या पुढचे बरेचसे अजून बंद कपाटात आहे. हे बंधन समितीवर आहे. नाव सुचवणाऱ्याने स्वतःच जाहीर केले तर त्याला अडवता येत नाही, आणि अलीकडे ही जाहिरात राजनैतिक भेटवस्तूसारखी वापरली जाते. जुलै २०२५ मध्ये इस्रायलच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना शिफारसपत्र समारंभपूर्वक हातात दिले तेव्हा त्या वर्षीची मुदत टळून पाच महिने झाले होते. २०१६ मध्ये ३७६ उमेदवार होते, हा आजवरचा उच्चांक. २०२४ मध्ये २८६, तर २०२५ मध्ये ३३८. समितीचे सदस्य मुदतीनंतरच्या पहिल्या बैठकीत आपलीही नावे घालू शकतात. मग छोटी यादी होते, सल्लागार अहवाल लिहितात, निकाल ऑक्टोबरमध्ये लागतो आणि समारंभ नोबेल यांच्या स्मृतिदिनी, १० डिसेंबरला होतो. एकाच नावाची शंभर पत्रे आली म्हणून त्याचे वजन वाढत नाही; एक नीट लिहिलेले पुरते.

हा हक्क ज्यांना आहे त्यांत भारताचे खासदार आणि केंद्रीय मंत्री येतात. विद्यापीठांतले इतिहास, समाजशास्त्रे, कायदा, तत्त्वज्ञान आणि धर्म या विषयांचे प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापक, कुलगुरू आणि शांतता संशोधन संस्थांचे संचालकही येतात. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर किंवा गोव्याच्या विद्यापीठातल्या अशा प्राध्यापकाला त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आमदारांना तो नाही, आणि मुख्यमंत्र्यांनाही आता नाही. पत्र आता ३१ जानेवारीपर्यंत ऑस्लोला पोचावे लागते.